एकतीस पायऱ्यांचा पूल

एकतीस पायऱ्या हायेत. चढाच्या एकतीस आन उताराच्या एकतीस. कोनी तीस म्हनन, कोनी बत्तीस म्हनन, तर त्याले माह्याकडं पाठवा. म्या त्या डोस्क्यावर कापसाचं गाठोडं घेऊन मोजल्या हायेत, आन बाईनं ओझ्याखाली मोजलेलं चुकत नसते.

पह्यले अठी जो पूल होता थो साधा होता. सपाट. एका बाजूचा कठडा तुटेल. पन त्याच्यावरून बैलगाडी जाये, ट्रॅक्टर जाये, म्हशी जायेत. आमचं गाव कॅनलच्या अलीकडं आन शिवार पलीकडं. शिवाराच्या मांगून नदी वळसा घालून येते, तिचे काठ असे कापेल का शेळी बी उतरत नाई. म्हनजे चाळीस-पन्नास एकर काळी जमीन आन जायची-यायची वाट एकच, थो पूल. आमचे पाच एकर तठीच. जानरावचे दोन एकर आमच्या धुऱ्याले लागून.

मंग ही नौकाविहाराची योजना आली. कॅनलमधी बोटी, काठानं लाद्यायचा रस्ता, दिवे, बाकडे. अमरावतीचे लोक रविवारी येतीन, बोटीत बसतीन, गावच्या पोरायले काम भेटन. पन जुना पूल ठेंगना होता. बोटीत बसलेल्या मानसाचं डोस्कं त्याच्या पोटाले लागलं असतं. म्हनून थो पाडाचा आन उंच कमानीचा नवा बांधाचा ठरला. त्याच्यासाठी गावाच्या सह्या पाह्यजे होत्या. आन त्या सह्या कोनं गोळा केल्या? माह्या घरच्यानं. खुशालरावनं. गोपालच्या बापानं.

नवऱ्याचं वाईट बोलू नाई म्हनतेत. मी बोलते.

हा मानूस एकदा पाच वर्षं ग्रामपंचायतीत मेंबर होता. ती मेंबरकी त्याच्या अंगातून अजून उतरली नाई. कोनी कागद घेऊन गावात आलं का पह्यले आमच्या ओट्यावर, आन चहा माह्या चुलीवरचा. पूल बांधनाऱ्या ठेकेदाराचा मानूस आला, कुलदीप नावाचा, पोरगाच म्हना, तिशीतला. त्यानं मोबाइलवर नव्या पुलाचं रंगीत चित्र दाखवलं. कमान, झेंडूच्या माळा, खाली निळंशार पानी. गोपालचा बाप चष्मा न लावताच पाह्यत राह्यला आन मान डोलवत राह्यला. काई इचारलं नाई. मेंबर मानसानं इचारलं तर त्याले काई समजत नाई असं होते ना.

मंग घरोघर फिरला. लोकायनं एकच गोष्ट इचारली, "गाडी जाईन ना?" यानं बी सगळ्यायले एकच सांगतलं, "जाईन. म्या पाह्यलं."

जानराव सगळ्यात शेवटी राह्यला. त्याच्या बापानं एकदा कागद न वाचता आंगठा देल्ला होता आन अर्धा एकर कॅनलात गेलं होतं, तवापासून थो मानूस शायेच्या दाखल्यावर बी तीनदा वाचून सही करते. त्यानं कागद वाचला. कागदात पूल होता, पायऱ्या लिहेल नव्हत्या.

"खुशालभाऊ, तुमी सोता पाह्यलं?"

"माह्या जबानीवर कर गा."

त्यानं सही केली.

जानरावची आन आमची अकरा वर्षायची सावड. एक बैल त्याचा, एक आमचा, दोघायची मिळून जोडी. आज त्याचं वावर, उद्या आमचं. थो बौद्ध, आमी कुणबी. गावात कोनी कोनी तोंड वाकडं करे, पन बैलायले जात समजत नाई आन आमाले काम पाह्यजे होतं. त्याची बायको केशरबाई आन मी, दोघीयनं कितीक दिवस एका झाडाखाली भाकरी खाल्ली.

श्रावनात पुलाची सेंट्रिंग काढली आन गावानं पायऱ्या पाह्यल्या. जुना पूल तर उन्हाळ्यातच पाडेल होता; कॅनल तवा कोरडा होता, पेरनीले आमी त्याच्या पात्रातूनच गेलो. लोक काठावर उभे राह्यले. मंग सगळ्यायनं मान वळवून आमच्या घराकडं पाह्यलं.

गोपालच्या बापानं काय करावं? चावडीवर जाऊन सांगतलं, "मले फसवलं. मले चित्रात सपाट पूल दाखवला होता." लोकायनं इश्वास ठेवला. सायब लोक फसवतेतच, त्याच्यात नवं काय? दोन दिवस ठेकेदाराले शिव्या देल्ल्या आन कामाले लागले. याची इज्जत वाचली.

पन जानराव तिसऱ्या दिवशी सकाळी आला आन आमच्या गोठ्यातून त्याचा बैल सोडला.

"काहून गा, जानराव?" गोपालचा बाप दातन करत होता, तसाच उठला.

"गाडी पूल चढत नाई, खुशालभाऊ. मंग जोडी कायले पाह्यजे?"

"रॅम्प होनार हाय. म्या सायबाशी बोललो."

जानरावनं दोर हाताले गुंडाळला. "पाह्यलं तुमी?" एवढंच म्हटलं आन बैल घेऊन गेला. आवाज बी चढवला नाई. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. आमचा बैल मोऱ्या दोन दिवस गव्हानीत तोंड घालेना, आन हा मानूस त्याच्याजवळ उभा राहून नुसता पाठीवरून हात फिरवत राह्यला.

दिवाळीच्या नंतर कापूस फुटला. असा फुटला का पलीकडं पांढरंच पांढरं. वेचनाऱ्या बायायनं पह्यल्याच दिवशी साफ सांगतलं, "बाई, आमी वेचू. पायऱ्या चढून देनार नाई." त्यायचं बी काय चुकलं? मंग वेचलेला कापूस आमीच आनू. मी, माही सून रागिणी आन गोपालचा बाप. गोपाल अमरावतीले कंपनीत, त्याले सुट्टी नाई.

सकाळी दव वाळलं का वेचाले लागाचं, दुपारून गाठोडे बांधाचे, आन ऊन कलल्यावर पूल. गाठोडं मोठं केलं तर मान आखडते, लहान केलं तर खेपा वाढतेत. कापूस हलका असते असं ज्यानं म्हटलं त्यानं थो डोस्क्यावर घेतला नसन. विसाव्या पायरीपासून माह्या उजव्या गुडघ्यात कळ सुरू होये. वर पोचली का कमानीवर वारा लागे, गाठोडं तिरपं होये, आन मंग उतार. उतार तर चढापेक्षा वाईट. पाय कुठी टाकून राहिली थे दिसत नाई.

उद्घाटन व्हाचंच होतं, पन बोटी पानीत सोडल्या होत्या आन लोक येऊन राहिले होते. एका रविवारी एक जोडपं कमानीच्या मधात उभं राहून फोटो काढत होतं. मी खाली, डोस्क्यावर गाठोडं. आमच्याच गावचा उत्तमराव तठी चौकीदार म्हनून लागला, निळा शर्ट, गळ्यात शिट्टी.

"वहिनी, दोन मिनिटं थांबा. पाहुन्यायचं होऊ द्या."

"माही मान थांबन का उत्तमराव?"

"मले वरून बोलतेत हो. समजून घ्या."

थांबली. ती पोरगी मले पाहून हसली. चांगलीच होती बिचारी. "मावशी, तुम्ही पण या ना फोटोत. एकदम नॅचरल येईल." आन माह्या बाजूले येऊन उभी राह्यली, खांद्याले खांदा लावून. फोटो काढला. मी तोंड पाडून उभी. कुठी गेला असन थो फोटो, कोनाले ठाऊक. मले त्या दिवशी एवढी लाज वाटली का घरी येऊन मी पोळ्या करता करता रडली.

गोपालच्या बापानं एकदा उत्तमरावले इचारलं, बोटीतून गाठोडे नेऊ दे. दोन खेपात काम होते. उत्तमरावनं शिट्टी हातात फिरवली. "बोट मानसायसाठी हाय, खुशालराव. मालाले परवानगी नाई. तुमीच सह्या घेतल्या, तुमाले तर नियम ठाऊक पाह्यजे." बाजूले चार जन हसले. हा मानूस गाठोडं उचलून पायऱ्या चढाले लागला. हात दाखवून अवलक्षन म्हनतेत थे हेच.

केशरबाई बी आपले गाठोडे घेऊन तठूनच जाये. बोलत नव्हती. एक दिवस मी बाविसाव्या पायरीवर बसली होती, गुडघा धरून. ती बाजूनं चढली, चार पायऱ्या वर गेली आन थांबली. वळली नाई, डोस्क्यावर ओझं होतं. "रुईचं पान गरम करून बांधत जाय वं गुडघ्याले," म्हने आन गेली. मले वाटलं आता धरती दुभंगावी.

काहून, तर आता खरं सांगते. थे चित्र म्या पाह्यलं होतं. कुलदीपच्या पुढं चहाचा कप ठेवला तवा मोबाइल त्याच्या हातात उलटा होता, माह्याकडं तोंड करून. झेंडूच्या माळांच्या मांगं पायऱ्या होत्या. चांगल्या तीन-चार दिसत होत्या. म्या पाह्यल्या. मनात म्हटलं, ह्या पायऱ्या कायच्या? आन चूप बसली. चारचौघात बाईनं तोंड घातलं का हा मानूस रात्री जेवत नाई. माहीत होतं मले. म्हनून नाई बोलली. त्याची खोटी गोष्ट गावानं मानली तवा बी नाई बोलली.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी कुलदीप परत आला. या खेपेले त्यानं पेढे आनले होते आन एक टाइप करेल कागद.

"काका, रविवारी मोठे साहेब येणार. तुमचा सत्कार आहे, शाल आणि श्रीफळ. स्टेजवर ह्या कागदावर सही करायची, बस्स."

कागद रागिणीनं घेतला. ती बारावी झालेली हाय, वाचाले पक्की. मोठ्यानं वाचलं तिनं. पूल गावाच्या गरजेप्रमाने झाला, शेतीच्या वाहतुकीची सोय झाली, ग्रामस्थायची काई तक्रार नाई. खाली नाव आधीच छापेल, खुशालराव, माजी सदस्य.

"बाबा," रागिणी सासऱ्याले म्हने, "ही सही झाली का काम पूर्न झालं असं धरतेत. मंग रॅम्प कोनी करत नसते."

कुलदीप हसला. "रॅम्प दुसऱ्या टप्प्यात बघू ना."

"दुसरा टप्पा कवा हाय?" मी इचारलं.

त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. गोपालच्या बापाकडं पाह्यलं, आन आवाज खाली आनला. "काका, तुम्ही गावात सांगितलं की मी सपाट पूल दाखवला. मी ऐकून घेतलं, म्हटलं मोठा माणूस आहे, जाऊ द्या. पण चित्र अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तारखेसकट. ते स्टेजवर दाखवायची वेळ नको यायला."

पेढ्याचा डबा ओट्यावर ठेवून गेला. आमच्या घरात कोनी त्याले हात लावला नाई. मुंग्यायनं खाल्ले.

आता पाहा कसं झालं. सही केली तर पायऱ्या कायमच्या. जानरावचे दोन एकर, आमचे पाच, साऱ्या शिवाराची गाडी कायमची बंद. नाई केली तर साऱ्या गावापुढं ठरन का खुशालराव खोटं बोलला, एकदा नाई, दोनदा. साठी जवळ आलेला मानूस. गावात अजून त्याले भाऊ म्हनून बसाले जागा देतेत. तोंड दाबून बुक्क्यायचा मार म्हनतेत, थो आमाले बसून राहिला होता.

शनिवारी दुपारी आमी दोघंच वावरात होतो. आठ गाठोडे बांधून ठेवेल. आभाळ भरून आलं होतं, गरम, वाराच नाई. त्यानं पानी पेलं आन म्हने, "करून टाकतो सही."

मी धोतराच्या फडक्याची गाठ मारत होती. "काहून?"

"रॅम्प करतीन थे. अंदर घुसून कामं करून घ्यावे लागतेत. बाहेरून बोंबलून होत नाई."

"कोनाची इज्जत वाचवून राहिले तुमी?"

"घरची वाचवून राहिलो. तुही बी. उद्या लोक म्हनतीन खोटारड्याची बायको."

"थे तर मी हावोच." मंग माह्या तोंडून निघूनच गेलं. "म्या पाह्यल्या होत्या पायऱ्या. त्याच दिवशी. त्याच्या मोबाइलात."

थो माह्याकडं पाह्यतच राह्यला. मले वाटलं आता हात उचलते का काय. इतक्या वर्षात उचलला नव्हता, पन चेहरा तसा झाला होता.

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलू देल्लं असतं?"

थो धुऱ्यावर बसला, ढेकूळ घेऊन बोटानं फोडत राह्यला. पल्याडच्या वावरात जानराव आन केशरबाई वेचत होते, दोघं वाकलेले. याची नजर तठीच. मंग उठला, सगळ्यात मोठं गाठोडं डोस्क्यावर घेतलं आन चालाले लागला. घरी गेल्यावर बी सही करतो का नाई करत थे सांगतलं नाई. मी इचारलं बी नाई.

रविवारी कॅनलच्या काठी मंडप टाकला. बोटीयले फुगे बांधले. गावच्या शायेच्या पोरी पानीच्या बाटल्या वाटत होत्या. आमी बाया मांगं चटईवर, मानसं खुर्च्यायवर. जानराव एका बाजूले उभा होता, खुर्ची रिकामी असून. गोपालच्या बापानं पांढरं धोतर घातलं होतं, नवा सदरा, थो गोपालच्या लग्नातला. स्टेजवर चढला तवा पायरी चुकला. दोघायनं धरला.

भाषनं झाली. मोठ्या सायबानं गावाचं कौतुक केलं. मंग कुलदीपनं माइकवर नाव घेतलं, शाल याच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात देल्ला, टाळ्या झाल्या. टेबलावर थो कागद ठेवला आन पेनाचं टोपन काढून पुढं केलं. माइक बी पुढं केला. "काका, दोन शब्द."

माह्या बाजूले रागिणी बसली होती. तिनं माहा हात धरला, माही बांगडी तिच्या हातात रुतली.

गोपालचा बाप माइकसमोर उभा राह्यला. पह्यले खाकरला. मंग शाल काढली, घडी घातली, नीट चौपदरी, आन नारळासंग कागदावर ठेवून देल्ली.

"म्या तुमाले सांगतलं होतं गाडी जाईन," थो म्हने. "म्या पाह्यलं नव्हतं. मले चित्र दाखवलं होतं, त्याच्यात पायऱ्या होत्या. म्या चष्मा लावला नाई. इचारलं बी नाई. मंग तुमाले सांगतलं का मले फसवलं. थे बी खोटं. मले कोनी फसवलं नाई. म्या तुमाले फसवलं. ह्या कागदात लिहेल हाय का सोय झाली. सोय झाली नाई. मी सही करत नाई."

मंग आवाज सुरू झाले. उत्तमरावच पह्यले ओरडला, "म्हनजे तूच गाव बुडवलं." दुसरा म्हने, "भाऊ म्हनत होतो बे तुले आमी." कोनी काई, कोनी काई. मोठा सायब कुलदीपकडं पाहून राहिला, कुलदीप घाम पुसून राहिला.

मी उठली. गुडघा आखडला होता, रागिणीच्या खांद्यावर हात देऊन उठली. "म्या बी पाह्यल्या होत्या पायऱ्या," म्हटलं. "त्यायचा चष्मा नव्हता. माहे डोळे चांगले होते. मी चूप बसली." कोनाले ऐकू गेलं, कोनाले नाई. केशरबाईले गेलं. तिनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं आन मंग खाली पाह्यलं.

मोठ्या सायबानं माइक घेतला. शांत मानूस. "दुसरे कोणी जबाबदार ग्रामस्थ आहेत का? सही एकच पाहिजे, छापलेलं नाव बदलून घेऊ, कोणाचीही चालेल." कुलदीपनं कागद उचलला, खाली उतरला आन इकडं तिकडं पाह्यत राह्यला. बाजूले जानराव उभा दिसला. पलीकडं वावर असलेला, लिहिता-वाचता, आन खुशालरावशी बोलत नाई हे त्याले ठाऊक. सरळ त्याच्याजवळ गेला.

जानरावनं कागद घेतला. वाचला. मंग पुन्हा वाचला. सही केली असती तर कोनी त्याले काई म्हटलं नसतं, उलट आमच्या घराचा सूड झाला असता. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यानं कागद कुलदीपच्या हातात वापस देल्ला.

"पह्यली सही म्या खुशालभाऊच्या जबानीवर केली होती," थो म्हने. आवाज तसाच, चढलेला नाई. "आज बी त्यायच्याच जबानीवर चालतो. थे नाई म्हनतेत. मंग माहं बी नाई."

कुलदीप आनखी दोघातिघायकडं गेला. कोनी हात पुढं केला नाई. ज्या उत्तमरावनं शिव्या देल्ल्या, त्यानं बी शिट्टीकडं पाह्यत मान हलवली.

उद्घाटन झालं. फीत कापली, सायब लोक बोटीत बसले, फुगे हालत हालत पुलाखालून गेले. कागद तसाच गाडीत गेला. गावातले लोक एक एक करून उठले आन गोपालच्या बापाच्या बाजूनं असे निघून गेले का जसा थो तठी नाईच. थो मंडपाच्या बांबूले धरून उभा होता. मी त्याच्याजवळ जात होती, तवा जानराव आधी पोचला.

"जानराव," हा म्हने. "माफ कर गा."

जानरावनं आभाळाकडं पाह्यलं. पश्चिमेकडून काळं होऊन आलं होतं आन आता वारा सुटला होता. "माफीचं मी पाहीन मंग," थो म्हने. "माहे सात गाठोडे पलीकडं उघड्यावर पडून हायेत. चला, उचलाले लागा."

गोपालच्या बापानं पांढरं धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आन त्याच्या मांगं पायऱ्या चढाले लागला. खालून बोट जात होती, बोटीतले लोक वर पाहून हात हालवत होते. या दोघायपैकी कोनी खाली पाह्यलं नाई. केशरबाई उठली, पदर कंबरेत खोसला आन माह्यासाठी पह्यल्या पायरीवर थांबली.